जत्रेत खाण्याचा स्टॉल लावायचाय? आधी जागा कोणाची ते विचारा

आमच्या पहिल्या स्टॉलची पावती मी अजून जपून ठेवली आहे. गुलाबी कागद, वर ‘जत्रा उत्सव’ असं छापलेलं, खाली ५०० रुपये आणि एक वळणदार सही. शिक्का नाही की नोंदणी क्रमांक नाही. संध्याकाळी साडेसहाला तवा तापला, चार थालीपीठं गेली आणि सातला अतिक्रमणाची गाडी येऊन उभी राहिली. टेबल, शेगडी, भाजणीचा डबा, सगळं उचललं. पैसे घेणाऱ्यांनी फसवलं होतं असंही नाही. मैदान खरंच त्यांच्या ताब्यात होतं. आमचं टेबल मात्र फाटकाच्या बाहेर, पालिकेच्या फुटपाथवर होतं.

म्हणून कोणी ‘जत्रेत स्टॉलचं लायसन कुठं मिळतं?’ असं विचारलं की मी उलट विचारतो, ‘जागा कोणाची?’ जत्रेचं म्हणून एकच एक लायसन नसतं. जागेची परवानगी वेगळी आणि अन्न विकण्याची नोंदणी वेगळी. पहिली प्रत्येक जत्रेला नव्याने घ्यायची, दुसरी एकदा काढली की पुढच्या जत्रांनाही चालते.

पायरी १ : जागेचा मालक शोधा

निदान दोन महिने आधी प्रत्यक्ष जागेवर जाऊन या. गावच्या जत्रेत देवळाचं आवार देवस्थानाकडे असतं आणि बाहेरची गावठाणातली जागा बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीकडे. पुष्कळ ठिकाणी जागेचं भाडं गोळा करण्याचा ठेका लिलावाने दिलेला असतो, त्यामुळे पावती ठेकेदाराचा माणूस फाडतो. त्यात वावगं काही नाही. पण यंदाचा ठेका कोणाकडे आहे आणि दर काय ठरलाय, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांना) विचारून घ्या. दर ठरलेला असला की घासाघीस करायची वेळ येत नाही.

शहरात रस्ता, फुटपाथ, पालिकेचं मैदान असेल तर अर्ज वॉर्ड ऑफिसात, म्हणजे क्षेत्रीय कार्यालयात. शाळेचं मैदान किंवा सोसायटीचं आवार असेल तर तुमचा व्यवहार आयोजकांशी. अशा वेळी आयोजकांना मिळालेल्या परवानगीची झेरॉक्स मागा. मागायला संकोच वाटतो, मलाही वाटायचा. पण किती स्टॉल मंजूर आहेत, जागेवर शिजवायला परवानगी आहे की फक्त तयार पदार्थ विकायला, हे त्या कागदातच कळतं. ‘फूड स्टॉल’ म्हणून पैसे घेतले आणि आत ज्योत पेटवायला बंदी निघाली, असं होऊ शकतं.

मोठ्या जत्रांचे मार्ग आणखी वेगळे. पुण्यात डिसेंबरात भरणाऱ्या भीमथडी जत्रेसाठी थेट आयोजक संस्थेकडे, बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टकडे, अर्ज करावा लागतो. मुंबईतलं महालक्ष्मी सरस हे बचत गटांचं. तिथे ‘उमेद’ या बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानाच्या जिल्हा यंत्रणेमार्फत जायचं, एकट्यादुकट्याने जाऊन स्टॉल मिळत नाही. गटात असाल तर तालुक्याच्या उमेद कार्यालयात आताच नाव सांगून ठेवा.

पथविक्रेता प्रमाणपत्र असलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली मिळणारं ते प्रमाणपत्र तुमच्या नेमून दिलेल्या जागेपुरतं असतं. रोज मंडईबाहेर गाडी लावता म्हणून जत्रेच्या मैदानात जागा आपोआप मिळत नाही. अर्जाला त्याची प्रत मात्र जरूर जोडा. माणूस या धंद्यातला आहे, एवढं त्यावरून कळतं.

पायरी २ : अन्नाची नोंदणी

खाण्याचं काहीही विकायचं तर अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ लागू होतो, मग स्टॉल तीन दिवसांचा का असेना. २०११ च्या नियमांत ‘तात्पुरता स्टॉलधारक’ असा उल्लेखच आहे, त्यामुळे ‘एका जत्रेपुरतं कशाला?’ हा युक्तिवाद चालत नाही. लहान विक्रेत्याला पूर्ण परवाना लागत नाही, नोंदणी पुरते. त्या नियमांनी वर्षाला १२ लाखांपर्यंतची उलाढाल ही नोंदणीची मर्यादा आणि वर्षाला १०० रुपये फी ठरवली. अर्ज करताना सरकारी पोर्टलवर दिसणारा चालू आकडा धरा.

हे पोर्टल म्हणजे ‘फॉसकॉस’ (FoSCoS), अर्ज तिथेच होतो. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, कोणते पदार्थ विकणार, एवढंच लागतं. चकल्या-लाडू घरी करून नेणार असाल तर घरचा पत्ता द्या, कारण माल तिथे तयार होतो. महाराष्ट्रात अर्ज अन्न व औषध प्रशासनाकडे जातो. नियमांत ७ दिवसांत मंजुरी, नकार किंवा तपासणीची सूचना अपेक्षित आहे. तरी जत्रेच्या आठवड्यात अर्ज करू नका. फोटो धूसर आला, पत्ता जुळला नाही, की अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो आणि तुमचे दिवस तिथेच जातात.

मिळालेला १४ अंकी क्रमांक मोठ्या अक्षरात छापून स्टॉलवर लावा. एजंट याच कामाचे हजार-दोन हजार सहज मागतात. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरा-पोरीला बसवलं तर चहा संपेपर्यंत अर्ज भरून होतो.

पायरी ३ : जागेचा अर्ज

छापील नमुना असेल तर तो भरायचा, नसेल तर साधा अर्ज लिहायचा. त्यात मोघम काही नको. ‘खाद्यपदार्थ विक्री’ असं न लिहिता ‘थालीपीठ, लोणी, ताक’ लिहा. जागा किती हवी (१० बाय १० फूट असेल तर तसं), तारखा व वेळ, शेगडी कशावर चालणार, दिवे किती, माणसं किती. आधारची प्रत, अन्न नोंदणी, दोन फोटो आणि गट असेल तर गटाचा ठराव जोडा.

अर्ज टेबलावर ठेवून निघून येऊ नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. ही पोच हातात असली की पुढच्या खेपेला ‘तुमचा अर्ज सापडत नाही’ हे ऐकावं लागत नाही. भाडं आणि अनामत रक्कम वेगवेगळ्या पावत्यांवर मागा. एकाच पावतीत दोन्ही आलं तर अनामत परत मागताना भांडण ठरलेलं.

पैसे भरण्याआधी एक हिशेब करा. तीन दिवसांचं भाडं ६,००० असेल आणि एका थालीपिठामागे २५ रुपये सुटत असतील, तर २४० थालीपीठं गेल्यावर नुसतं भाडं फिटतं. एका तव्यावर तेवढी होतात का?

पायरी ४ : गॅस, वीज, पाणी

घरची १४.२ किलोची लाल टाकी धंद्याला वापरता येत नाही, व्यावसायिक टाकी लागते, साधारणपणे १९ किलोची. ओळखीच्या हॉटेलवाल्याकडून उसनी आणण्यापेक्षा एजन्सीकडून पावतीसह घ्या. नळी नवी घ्या. अग्निशामक नळकांडं जवळ ठेवा आणि त्यावरची मुदत वाचा. शेजारच्या स्टॉलचं कापड तुमच्या शेगडीपासून किती लांब आहे, हे पाहणीला येणारा माणूस सगळ्यात आधी बघतो. वीज आयोजकांच्या मीटरवरूनच घ्या, खांबावर आकडा अजिबात नको.

पाण्याचं कोणी बोलत नाही, आणि अडतं तिथेच. पिण्याचं, हात धुण्याचं आणि भांड्यांचं पाणी वेगळं लागतं. मैदानात नळ कुठे आहे ते पहिल्या फेरीतच बघून ठेवा. प्लॅस्टिकच्या ताटल्या, चमचे, कप १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. पत्रावळी आणि द्रोण घ्या. थालीपीठ त्यावर शोभतंही.

बाकीचं थोडक्यात

वजनावर विकणार असाल तर काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचं चालू मुद्रांकन, म्हणजे वजनमापं तपासल्याचा शिक्का, हवं. बंद पाकिटावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, किंमत, घटक, तारखा, नोंदणी क्रमांक आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह लागतं. तयार खाणं देणाऱ्याला राज्यात वर्षाला २० लाखांच्या आत जीएसटी नोंदणी लागत नाही. पण सावंतवाडीहून गोव्यातल्या मेळ्याला जाऊन विकायचं तर राज्य बदलतं. तिथे ‘कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन’ म्हणजे तात्पुरता करदाता म्हणून निदान ५ दिवस आधी नोंदणी करून अंदाजे कर आगाऊ भरायचा असतो. अशा खेपेआधी कर सल्लागाराला एकदा विचारा.

  

जत्रेच्या दिवशी

एका फायलीत मूळ कागद, दुसरीत झेरॉक्स. तपासायला कोणी आलं तर झेरॉक्स पुढे करा, मूळ दाखवा पण हातातून सोडू नका. आलेल्या माणसाशी गोड बोला. त्यांनाही दिवसभरात शंभर स्टॉल फिरायचे असतात. ‘आणखी थोडे द्या’ म्हणत कोणी दुसरी पावती फाडू लागलं तर पहिली दाखवा आणि कार्यालयाचं नाव विचारा. बहुतेक वेळा माणूस पुढच्या स्टॉलकडे वळतो.

उठताना खरकटं आणि कचरा आवरून मोकळ्या जागेचा फोटो काढा, वेळेसकट. अनामत मागायला जाल तेव्हा पावतीसोबत तोच फोटो दाखवायचा.