गाजराचं बी पेरल्यावर गोणपाट झाका

जुन्या, पारंपरिक वाणाचं गाजर बियांपासून लावताना बहुतेकांचा धीर सुटतो तो उगवणीच्या वेळी. बी रुजायला 10 ते 21 दिवस लागतात. ते पेरायचं जेमतेम अर्धा ते एक सेंटिमीटर खोल, आणि तेवढा वरचा थर भर उन्हात दुपारपर्यंत कोरडा पडतो. एकदा कोंब सुकला की खेळ संपला. म्हणून पेरून झारीने हलकं पाणी द्या आणि वाफ्यावर ओलं गोणपाट पसरा. पाचव्या दिवसापासून रोज कोपरा उचलून बघा. दोऱ्यासारखे हिरवे कोंब दिसले की त्याच संध्याकाळी गोणपाट काढा. एक दिवस उशीर झाला तरी रोपं पिवळी, लांबुडकी होतात.

रोपं ट्रेमध्ये करून हलवू नका, मुळं वाकडी होतात. ताजं शेणखतही नको, गाजराला फाटे फुटतात.

विरळणी जिवावर येते, मान्य. पण दोन रोपांत 5 सेंटिमीटर अंतर हवंच. जास्तीची रोपं उपटण्यापेक्षा कात्रीने कापा, म्हणजे शेजारच्यांची मुळं हलत नाहीत.

बी धरायचं असेल तर काही चांगली गाजरं राखून ठेवा. फुलोरा बहुधा दुसऱ्या वर्षी येतो.