डाळिंबाचे चीज डिप पाणी सुटू न देता

गोडासोबत तिखट-खारट चवीचे फळांचे चीज डिप आमच्या घरी सर्वांना आवडते. मात्र सोलापूरच्या उन्हाळ्यात ते ताटात येईपर्यंत कडेने गुलाबी पाणी सुटत असे. मीठ आणि मध चिरलेल्या फळातील रस बाहेर ओढतात, हे त्यामागचे कारण लक्षात आल्यावर मी चिरलेली द्राक्षे वगळून डाळिंबाचे अख्खे दाणे घेतले, कारण दाण्याचे आवरण फुटले नाही तर रस आतच राहतो. 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आपले डाळिंब असताना दुसरे फळ शोधावे तरी कशाला?

200 ग्रॅम थंड क्रीम चीज घोटून त्यात दोन चमचे मध, चिमूटभर मिरपूड आणि एक चमचा शेंगा चटणी मिसळावी. चटणीत मीठ असतेच, म्हणून वेगळे घालू नये. दाणे स्वच्छ कापडावर पसरून, कापडावर डाग उमटेनासा होईपर्यंत कोरडे करावेत आणि वाढण्याच्या क्षणी हलक्या हाताने वरून पेरावेत, ढवळू नयेत. सोबत कडक भाकरीचे तुकडे द्यावेत, बिस्किटांपेक्षा ते मला कितीतरी सरस वाटतात.