पाऊस गेला, आता पॅनलवरची सावली बघा

मुंबईतून पाऊस साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघार घेतो. चार महिने सोलर पॅनलं पावसाने आपोआप धुऊन निघत होती, ते आता बंद. त्यात सूर्य रोज दक्षिणेकडे सरकतोय. गोराई-मनोरीतल्या आणि आरेच्या पाड्यांवरच्या, सोलर पंपावर भाजी लावणाऱ्यांनी, तसंच घराच्या छपरावर सोलर बसवलेल्यांनी याच आठवड्यात एक काम करा. दुपारी साडेबाराला आणि पुन्हा तीनला पॅनलपाशी उभे राहा आणि सावली कुठे पडते ते बघा.

मेच्या मध्यात आणि जुलैअखेरीस सूर्य आपल्या डोक्यावर असतो. डिसेंबरात तो इतका कलतो की ३० फुटी शेवग्याची सावली भर दुपारी उत्तरेला २७ फुटांपर्यंत जाते. पॅनल उन्हाळ्यात बसवलेलं असतं, तेव्हा सावली नव्हती, म्हणून नंतर कोणी बघतच नाही.

एवढ्याशा सावलीने काय बिघडतं? खूप बिघडतं. सोलर सेल म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती. तिच्या एका थरात फॉस्फरस, दुसऱ्यात बोरॉन मिसळलेलं असतं. ऊन पडलं की इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि दोन थरांच्या सीमेवरचं विद्युतक्षेत्र त्यांना एकाच बाजूला ढकलतं. हाच प्रवाह पंप फिरवतो, घरी इन्व्हर्टरमधून जाऊन दिवे-पंखे चालवतो. पण एका सेलचा दाब जेमतेम अर्धा व्होल्ट, म्हणून ६० किंवा ७२ सेल एकामागे एक जोडतात. गोम इथेच आहे. पाटात एका जागी ढेकूळ अडकलं की पुढचे सगळे वाफे कोरडे, तसं एक सेल झाकला की त्याची अख्खी रांग अडते. बायपास डायोड, म्हणजे प्रवाहाला वळसा देणारा छोटा भाग, त्या रांगेला वगळतो. पॅनलमधल्या तीन रांगांपैकी एक बाद, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा गेला. डायोड निकामी असेल तर झाकलेला सेल तापून करपतो. कावळ्याची विष्ठा, चिकटलेलं पान, वाळलेलं फवारणीचं औषध, हीसुद्धा सावलीच.

लाल माठाची, पालकाची कोवळी रोपं ऑक्टोबरच्या उन्हात मान टाकताना मी पाहिली आहेत. तीन वाजताच पंपाची धार बारीक होते. शेतकरी मोटर खोलून बसतो, विक्रेता जादा पॅनल नाहीतर काचेवरचं महागडं कोटिंग गळ्यात मारतो, आणि मांडवावरचा पडवळाचा शेंडा पॅनलच्या कोपऱ्यावर तसाच लोळत असतो. कोयता घ्या, शेंडा छाटा. पैसे लागत नाहीत.

पॅनल धुवायचं ते सकाळी सातच्या आत, काच गार असताना. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर तडा जाऊ शकतो. बोअरचं खारं पाणी पांढरे डाग सोडतं, गोडं पाणी आणि मऊ फडकं घ्या. तारेची घासणी, कपड्यांची पावडर नको. उन्हात पॅनलमध्ये वीज असतेच, ओल्या हाताने जोडांना हात लावू नका. माझा अंदाज असा की बांधकामाच्या धुळीला पहाटेचं दव मिळालं की खालच्या चौकटीलगत सिमेंटसारखी पट्टी धरते. ती दोन बोटं रुंदीची पट्टी आधी पुसा.

या पंधरवड्यातली बाकी कामं:
- बीजप्रक्रिया: ट्रायकोडर्मा (रोगाला रोखणारी उपयोगी बुरशी) ५ ग्रॅम प्रति किलो बियाणे
- मावा, तुडतुडे: ५ टक्के निंबोळी अर्क, वारा पॅनलकडे नसताना
- मेथी, मुळा, पालक: टप्प्याटप्प्याने पेरणी
- स्टँडचे नटबोल्ट आवळणे, गंजलेले बदलणे

पॅनल तापलं की वीज घटतेच, २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के. त्यावर उपाय म्हणून कुठलंही लेपन घेऊ नका, खालून वारा खेळता ठेवा.

रोजची युनिटं वहीत लिहा. स्वच्छ उन्हात एका किलोवॉटला दिवसाला साधारण ४ युनिटं यायला हवीत. आकडा उतरायला लागला तर आधी दुपारी तीनला छपरावर जाऊन बघा, विक्रेत्याला फोन त्यानंतर.