आईबाबांची चाल मंदावली आणि विसरही पडतोय? घरच्या घरी काय मोजायचं

वय झालं की पाय जड होतात, नावं आठवत नाहीत, असं म्हणून आपण दोन्हीकडे काणाडोळा करतो. पण साठीनंतर मंद चाल आणि विसरण्याची तक्रार एकाच माणसात दिसू लागली, तर थांबून बघायला हवं. डॉक्टर या जोडीला ‘मोटोरिक कॉग्निटिव्ह रिस्क सिंड्रोम’ म्हणतात. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या डॉ. जो वर्गीस यांच्या गटाने २०१३ मध्ये ही संकल्पना मांडली. २०१४ मध्ये १७ देशांतल्या २६,८०२ ज्येष्ठांची माहिती एकत्र केली, तेव्हा सुमारे १० टक्के लोकांत ही जोडी आढळली. त्यातल्या अमेरिकेतल्या ज्येष्ठांचा पाठपुरावा केल्यावर अशांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होण्याची शक्यता इतरांच्या साधारण दुप्पट निघाली. तरीही हे निदान नाही. यातल्या अनेकांना डिमेन्शिया कधीच होत नाही.

चाल मोजायला मशीन लागत नाही, जागा लागते. ठाण्यातल्या किंवा नेरूळ-खारघरच्या फ्लॅटमध्ये सरळ १४ मीटर मिळणं कठीण, म्हणून सोसायटीचा पोडियम किंवा पार्किंगमधली मोकळी लेन बघा. पावसाळ्यात ओला पोडियम टाळा. मोजपट्टीने १० मीटर आखा आणि दोन्ही टोकांना खडूची रेघ मारा. पहिल्या रेघेच्या २ मीटर आधीपासून चालायला सुरुवात करायची आणि शेवटची रेघ ओलांडून आणखी २ मीटर जायचं. रेघेवरच सुरू केलं किंवा थांबलं, तर वेग घेण्याचा आणि कमी करण्याचा वेळही त्यात धरला जातो. पाऊल पहिल्या रेघेपलीकडे पडलं की मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू, शेवटच्या रेघेपलीकडे पडलं की बंद.

सूचना एवढीच द्या: “आई, भाजी आणायला जातेस तशी चाल. घाई नको.” ‘परीक्षा’ हा शब्द तोंडून निघाला की माणूस नेहमीपेक्षा जोरात चालतो. तुम्ही अर्धं पाऊल मागे, बाजूने चला. पुढे किंवा बरोबरीने चाललात तर ती तुमच्या वेगाने चालेल. पायात रोजची, घट्ट बसणारी चप्पल हवी, सैल स्लिपर नको. काठी रोज वापरत असतील तर काठीसकट मोजा आणि तसं लिहून ठेवा. तीनदा मोजून सरासरी काढा.

१० मीटरला १० सेकंद म्हणजे सेकंदाला १ मीटर, हा वेग बरा. १२.५ सेकंदांहून जास्त लागले तर वेग ०.८ च्या खाली गेला, डॉक्टरांना दाखवा. अभ्यासांत मर्यादा वय आणि लिंगानुसार ठरवतात, त्यामुळे घरचा आकडा ढोबळच समजा. खरा उपयोग तुलनेचा आहे. दर तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच चपलेत मोजा. सेकंदाला ०.१ मीटरची घटही दखल घेण्याजोगी असते. वेग १ वरून ०.९ वर आला, तर १० मीटरला ती सेकंदाहून जास्त दिसते. चारच मीटर मोजले तर तीच घट अर्ध्या सेकंदाहून कमी होते आणि स्टॉपवॉचवरच्या बोटाच्या चुकीत हरवते. म्हणून शक्य असेल तिथे लांब अंतरच घ्या.

आता स्मरणशक्ती. “बरोबरीच्या लोकांपेक्षा तुला जास्त विसरायला होतं, असं वाटतं का?” हा साधा प्रश्न अशा अभ्यासांतही वापरला जातो. त्यांचं उत्तर ‘नाही’ असलं तरी घरचं कुणी रोज काय बघतंय, ते वेगळं लिहा: एकच प्रश्न तासाभरात पुन्हा, विजेचं बिल दोनदा भरलं, गॅस चालू राहिला, ठाण्यातल्या तलावपाळीच्या नेहमीच्या फेरीत वळण चुकलं. नवी मुंबईत सेक्टरमधल्या इमारती एकसारख्या, तिथे नवख्याचा गोंधळ होतोच. वीस वर्षं राहणाऱ्याचा झाला तर ती नोंद तारखेसह हवी.

दोन्ही आढळलं की लगेच मेंदूकडे बोट दाखवू नका. गुडघेदुखी, मोतीबिंदू, कमी ऐकू येणं, मधुमेहाने बधिर झालेले तळवे, नैराश्य यांनीही चाल मंदावते किंवा माणूस विसराळू दिसतो. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि मंद थायरॉइड ही दोन कारणं रक्ततपासणीत सापडतात आणि त्यांवर उपचार आहेत. शाकाहारी घरात, किंवा मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी अथवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ आवर्जून तपासा. झोपेच्या गोळ्या आणि सर्दी-ॲलर्जीची काही जुनी औषधंही गुंगी आणि विसर दोन्ही आणतात. डॉक्टरांकडे जाताना पिशवीत सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक धरून, न्या; गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका.

काही चिन्हं तीन महिन्यांची वाट बघण्यासारखी नसतात. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा सुटणं आणि विसर हे तिन्ही एकत्र आलं, तर डोक्यात पाणी साचलेलं असू शकतं. न्यूरोलॉजिस्टना लवकर दाखवा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असताना किरकोळ पडणं झालं आणि काही आठवड्यांनी माणूस सुस्त किंवा गोंधळलेला वाटू लागला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, कवटीत रक्त साचलेलं असू शकतं. चेहरा वाकडा होणं, एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडणं किंवा बोलणं अडखळणं, यात एक मिनिटही न घालवता रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा.

बाकी सगळ्यांनी आधी फॅमिली डॉक्टरांकडे जावं आणि सोबत तीन गोष्टी न्याव्यात: चालीचे आकडे, तारखांसकट विसरण्याच्या नोंदी आणि गोळ्यांची पिशवी. बसून आणि उभं राहून तीन मिनिटांनी, असा दोनदा बीपी मोजायला सांगा. वरचा आकडा २० ने उतरला तर चाल मंदावण्यामागे चक्कर किंवा पडण्याची भीतीही असू शकते. सोबत कुणी येणारं नसेल किंवा कुठे जायचं कळत नसेल, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे.