बांधाच्या पायथ्याची गळती कशी आवरली

आमच्या शिवारातला माती नाला बांध ओढ्याचा पूर अडवायला आहे. भर पावसात खालच्या बाजूला, पायथ्याशी पाणी पाझरताना दिसलं. मातीच्या बांधाला थोडा पाझर असतोच, पण रंग पाहावा. मी काचेच्या ग्लासात पाणी धरून ठेवलं, तर तळाला बारीक पिवळसर गाळ बसला. म्हणजे भरावातली माती वाहून चालली होती, आणि तेच धोक्याचं. तलाठ्यांना लगेच कळवलं आणि ओढ्याकाठच्या घरांनाही सावध केलं.

चुलते म्हणाले, भोकात माती कोंब. तसं करू नये. बाहेरून तोंड बुजवलं की आत दाब वाढतो आणि पाणी दुसरीकडून फुटतं. आम्ही तिथं आधी धुतलेली जाड वाळू पसरली, तिच्यावर बारीक खडी, वर मोठी खडी आणि दगड. पाणी येत राहिलं, पण हळूहळू नितळ झालं. सांडव्यातली, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेतली, झुडपं, गाळही त्याच दिवशी काढला, कारण मातीच्या बांधावरून पाणी गेलं की तो टिकत नाही.

कायमचं काम उन्हाळ्यात, बांधामागचं पाणी आटल्यावर केलं. पाण्याच्या बाजूची खेकड्यांची बिळं शेवटापर्यंत उकरली, ओलसर चिकणमातीचे पातळ थर देऊन धुम्मसने (माती दाबायच्या जड ठोकण्याने) ठोकली, वर दगडी पिचिंग, म्हणजे उतारावरचं दगडांचं अस्तर, पुन्हा बसवलं. भरावावरची बाभळीची रोपं कोवळी असतानाच उपटली. मोठ्या झाडाची मुळं कुजली की पाण्याला आयती वाट मिळते.

यंदाही पाझर आहे, पण नितळ. ग्लास मी दर मोठ्या पावसानंतर भरून बघतो.