विहिरीचं पाणी फोनवर मांडून ठेवा

‘यंदा दोन परस (दोन पुरुष उंचीइतकं) पाणी आहे’ एवढ्या अंदाजावर आमच्या पारनेर तालुक्यात कांद्याची लागवड होते, आणि फेब्रुवारीत विहिरीचा तळ दिसला की टँकरसाठी धावाधाव सुरू होते. हे टाळायला महागडे सेन्सर लागत नाहीत. साधा स्मार्टफोन, वजन बांधलेली फीत आणि न चुकता मोजणारा एक माणूस, एवढं पुरतं.

सगळ्या विहिरी मोजायला जाऊ नका, दोन महिन्यांत कंटाळाल. ओढ्याकाठची एक, माळावरची एक, बंधाऱ्याखालची एक आणि नळयोजनेची. कठड्यावर ऑइल पेंटने खूण करा, फीत दरवेळी तिथूनच सोडा. मोटर चालू व्हायच्या आधी मोजायचं. रात्रीची लाईट असेल आणि पहाटेपर्यंत उपसा झाला असेल, तर पाझर भरून येऊ द्या, नाहीतर आकडा खोटा निघतो.

गूगल फॉर्ममध्ये चारच गोष्टी विचारा: विहीर, तारीख, खुणेपासून पाणी किती फुटांवर, आदल्या दिवशी मोटर किती तास चालली. विहिरीचं नाव टाइप करायला ठेवू नका, यादीतून निवडू द्या. नाहीतर ‘माळाची’ आणि ‘माळावरची’ अशा दोन विहिरी शीटमध्ये तयार होतात. आलेख काढताना उभा अक्ष उलटा करा. आपण खुणेपासूनचं अंतर मोजतो, त्यामुळे पाणी खाली गेलं की आकडा वाढतो आणि रेघ वर चढते. ग्रुपवर तसाच आलेख टाकला तर लोकांना पाणी वाढलंय असं वाटतं.

मग खुणेपासून तळापर्यंतच्या खोलीतून हे अंतर वजा करा आणि उरलेल्या फुटांचे लिटर करा. 20 फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे 8,900 लिटर. पावसासाठी गावात स्वतःचा पर्जन्यमापक ठेवा, कारण महसूल मंडळाचा, म्हणजे अनेक गावांचा मिळून असलेला आकडा आपल्या शिवाराला लागू पडेलच असं नाही. एक हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर.

खरं काम ऑक्टोबरच्या ग्रामसभेत. पिण्याचं पाणी आधी बाजूला काढा: माणशी 55 लिटर धरलं तर 1,500 वस्तीला रोज 82,500 लिटर. जनावरांचं वेगळं. उरलेल्यात रब्बी बसवा. गव्हाला पाच-सहा पाळ्या लागतात, हरभरा एक-दोन पाण्यावर निघतो. शेजारच्या नगर तालुक्यातलं हिवरे बाजार वर्षानुवर्षं पावसाचा ताळेबंद मांडूनच पिकं ठरवतं, तेही या फोनांच्या कितीतरी आधीपासून. मागच्या ऑक्टोबरची रेघ आणि यंदाची एकाच आलेखावर, मोठ्या पडद्यावर दाखवा. आपल्याच विहिरीचा आकडा समोर असला की माणूस भांडत नाही, विचारायला लागतो.

बोअरमध्ये मात्र नुसती फीत सोडू नका, मोटरच्या केबलला अडकते. केसिंगमधून, म्हणजे बोअरच्या बाहेरच्या पाइपातून, बारीक पीव्हीसी पाइप खाली सोडून घ्या आणि त्यातूनच मोजा.