वेताळ टेकडीवर धावायचं असेल तर

पुण्याच्या वेताळ टेकडीवर पहिल्यांदा धावायला निघणाऱ्याला मी आधी एकच सांगते: पक्षी गप्प होणार नाहीत इतक्याच वेगाने धावा. पाय आपटत, धापा टाकत कुणी आलं की बुलबुल थांबतात आणि सातभाई कलकलाट करत पुढच्या झुडपात घुसतात. हलक्या पावलाने, एका लयीत गेलात तर त्यांचं आपापलं चालू राहतं. तुमच्याही शरीराला सोसतो तो हाच वेग. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर तो बरोबर आहे असं समजा. हेडफोन घरी ठेवा. इथे निम्मी गंमत कानांची आहे.

मी कोथरूडला राहते, त्यामुळे पौड रस्त्याच्या बाजूने चढते. लॉ कॉलेज रस्त्याकडच्यांना कांचन गल्ली जवळ, पाषाणकरांना पंचवटी. कुठूनही आलात तरी चढ चालतच चढा. वेताळबाबाचं देऊळ समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. गार स्नायूंनी तो चढ धावत घेतला तर पोटऱ्या आखडतात आणि वरचं सपाट पठार, जिथे खरी धाव आहे, ते नकोसं होतं. वर पोचलात की दोन मिनिटं श्वास घ्या आणि मग सुरू करा.

सूर्योदय जूनमध्ये सहाच्या आसपास असतो, जानेवारीत सात वाजून जातात. त्याच्या साधारण अर्धा तास आधी पायथ्याशी असावं. अंधार असेल तर विजेरी हवीच, आणि एकट्याने जाऊ नये. विजेरीच्या उजेडात पायवाटेवर दोन लालसर ठिणग्या चमकल्या तर थांबा. तो रातवा पक्षी असतो, मातीच्या रंगाचा, मातीतच बसलेला. झोत बाजूला करा, तो आपणहून उठेल.

उजाडता उजाडता मोरांचा केकारव सुरू होतो. रात्री झाडावर झोपलेले मोर याच वेळी खाली उतरतात. वाटेवर मोर दिसला तर थेट त्याच्याकडे पाहत पुढे जाऊ नका. चालायला लागा, थोडं तिरकं जा, तो शांतपणे झुडपात शिरेल. मोबाइल काढून मागे धावणारे लोक दिसतात, त्यांचा मला मनापासून राग येतो. विणीच्या हंगामात त्याला असं पळवणं हा त्रासच आहे. पावसाळ्याच्या शेवटी त्याचा पिसारा गळतो. तेव्हा बिनपिसाऱ्याचा मोर पाहून आजारी आहे की काय असं वाटून घेऊ नका.

उन्हाळ्यात टिटवीला जपा. मार्चपासून ती उघड्या मुरमात, खड्यांमध्ये तीन-चार अंडी घालते. ती हुबेहूब खड्यांसारखी दिसतात, म्हणून मळलेली पायवाट सोडायची नाही. टिटवी डोक्यावर झेपावत ओरडायला लागली तर घरटं जवळ आहे. माझी नणंद अशा वेळी मागूनच हाक मारते, "वहिनी, मागे फिरा, तिची हद्द आहे!" मग आम्ही दोघी आल्या वाटेने परततो. रोजची फेरी दोन-तीनशे मीटरने कमी झाली तर काही बिघडत नाही.

मे अखेर ते जून हे दिवस मात्र चुकवू नका. पावशा 'पेर्ते व्हा' म्हणत दिवसरात्र ओरडत असतो, आफ्रिकेतून चातक आलेला असतो, आणि नशीब असेल तर नवरंग भेटतो. त्याची दोन सुरांची शीळ आधी ऐकू येते. शीळ आली की धावणं थांबवा आणि झाडाखालच्या पाचोळ्यात पाहा. हिरवी पाठ, पोटाखाली लाल, पंखावर निळा. त्या दिवशी घड्याळात किती किलोमीटर झाले याची मला तरी आठवण राहत नाही. बाहेरून आणलेल्या गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) दाट लागवडीपेक्षा बोर, बाभूळ, साळई, धावडा असे आपले वृक्ष जिथे मिसळून उभे आहेत तिथे पक्षी जास्त मिळतात, म्हणून वाट निवडताना ते बघा. थंडीत थिरथिरा येतो. दगडावर बसून शेपटी थरथरवतो, ओळखायला सोपा.

पायाखाली काय आहे ते ऋतूप्रमाणे बदलतं. पावसात काळ्या खडकावर शेवाळ धरतं, तिथे फक्त चालायचं. उन्हाळ्यात सुटा मुरूम उतारावर घसरतो, तिथे पावलं आखूड टाका आणि गुडघा किंचित वाकलेला ठेवा. दिवाळीच्या सुमारास गवत वाळलं की कुसळं मोज्यात शिरतात आणि टोचत राहतात. विणलेले जाड मोजे त्यांना फार आवडतात. गुळगुळीत कापडाची लांब पँट घाला. बुटांचा तळ खाचांचा हवा, महाग असायची गरज नाही.

साप आहेत. फुरसं दगडांखाली असतं, घोणस गवतात. बसण्याआधी दगड नीट पाहा, हात कपारीत घालू नका. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळपट्टी बांधणं यातलं काहीही करायचं नाही. पाय स्थिर ठेवा, धावत उतरू नका, १०८ला फोन करा आणि प्रतिविष असलेलं मोठं रुग्णालय गाठा. भटकी कुत्री अंगावर आली तर थांबून सावकाश चाला, पाठ दाखवून पळू नका. खायला कुणालाच काही घालू नका, बिस्किटं तर नाहीच.

आणखी एक मागणं आहे. घरी आल्यावर काय दिसलं, कुठे, कोणत्या तारखेला, हे वहीत लिहा, जमलं तर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही टाका. बालभारती ते पौड फाटा रस्ता या टेकडीवरून नेण्याचा प्रस्ताव आला तेव्हा २०२३ मध्ये पुणेकर मोर्चा काढून विरोधात उभे राहिले. अशा वेळी 'इथे काय आहे?' असं विचारलं जातं, आणि नवरंग अमुक झाडाखाली अमुक सकाळी दिसला हे उत्तर देता आलं पाहिजे. ते रोज टेकडीवर जाणाऱ्यांनाच देता येईल.